हाताचं इसब आणि पापणीचं इसब: एकच ट्यूब दोन्हीकडे चालेल का?

घरात इसबाची ट्यूब आली की ती सगळ्यांच्या सगळ्या अंगाला लागते. आईच्या तळहाताला दिलेलं मलम मुलीच्या पापणीवर जातं. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण आजार एक असला तरी कातडी एक नसते.

तळहाताची कातडी जाड. साबण, भांड्यांची पावडर यांनी तिला भेगा पडतात. कधी बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे पाण्याचे फोड उठतात. उजव्या हातात सुरी धरणाऱ्या बाईच्या डाव्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकंच सोलली असतील, तर आधी लसणावर संशय घ्यावा. इथे सौम्य स्टेरॉइड सहसा पुरत नाही. डॉक्टर कडक मलम देतात, पण हात धुतल्यावर दरवेळी व्हॅसलीन लावलं नाही तर त्याचाही गुण टिकत नाही.

पापणीचं अगदी उलट. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. १९६७ साली हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टेरॉइड कातडीत किती मुरतं हे मोजलं, तेव्हा हाताच्या कोपराखालच्या भागापेक्षा कपाळातून ६ पट आणि जबड्यावरून १३ पट औषध आत गेलं. तळहातातून थोडं कमीच. म्हणून हाताचं कडक मलम पापणीवर रोज लावलं तर कातडी विरते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. इथे सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस, नाहीतर टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम. ते सुरुवातीला चुरचुरतं. शिवाय मूळ कारण बऱ्याचदा पापणीवर नसतंच: केसांचा कलप असतो, नेलपॉलिश असतं. शेतावर जाणाऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराचे खळगे एकदम पेटले, तर बांधावरचं गाजरगवत बघा.

मुलांचं इसब कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत, तान्ह्यांचं गालांवर. डोक्यात मलम केसांना चिकटतं, तिथे लोशन बरं. जांघेत मात्र थांबा. कडेने लाल, मधे निवळलेला गोल चट्टा बहुधा नायटा असतो. स्टेरॉइडने खाज थांबते आणि नायटा पसरत जातो.

घोट्याजवळ काळपट, सुजलेलं इसब असेल तर शिरांचा दोष असू शकतो. तपासणीनंतर मिळणारे दाबाचे मोजे तिथे मलमापेक्षा जास्त कामाचे.

बोटाच्या शेवटच्या पेराएवढी पिळलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आमच्याकडे प्रत्येक ट्यूबवर मार्करने ठळक लिहिलेलं असतं: ‘हात’, ‘चेहरा’.