श्वाल्बे मॅरेथॉन ७००×३५: ठाणे–मुरबाड–बारवी फेरीसाठी कसा आहे हा टायर?

एकट्याने दिवसभराची लांब फेरी मारायची असेल, तर पैसे सगळ्यात आधी टायरवर घालावेत, गिअरचं नंतर बघता येतं. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, बारवी धरण, बदलापूर आणि काटईमार्गे परत, ही फेरी शंभर किलोमीटरच्या वर जाते. चढावर गेलेला वेळ उतारावर थोडाफार भरून निघतो, पंक्चरमध्ये गेलेला निघत नाही, आणि सोबत कोणी नसलं की तो दुप्पट जातो. या वाटेसाठी श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन टायर माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे. पण तो वापरायची एक रीत आहे. ती पाळली नाही तर महागडा टायरही साध्या टायरइतकाच दगा देतो.

आधी या रस्त्यावर टायरमध्ये घुसतं काय ते पाहू. ठाण्यातल्या माजिवडा नाक्यापासून भिवंडी बायपासच्या बाजूने कल्याणकडे जाताना खरा शत्रू म्हणजे तार. गोदामांकडे जाणाऱ्या ट्रक-कंटेनरचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी जाळीच्या केसाएवढ्या तारा कडेच्या पट्ट्यात विखुरतात. सायकल नेमकी त्याच पट्ट्यातून चालते. शहाड सोडून वरप, कांबा, रायते, गोवेली मागे पडलं की तारा कमी होतात आणि काटे सुरू होतात. शेताच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या बैलगाडी-ट्रॅक्टरबरोबर रस्त्यावर येतात. मुरबाड ते बदलापूर पट्ट्यात धरणाच्या अंगाला जंगल आहे, दुकानं विरळ आहेत. पंक्चर तिथेच झालं तर सगळं स्वतःलाच करावं लागतं.

मॅरेथॉनच्या ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाखाली, लवचिक रबराचा ३ मिलिमीटर जाडीचा संरक्षक थर असतो. काच, बारीक खडीचा टोकदार कण, तारेचा छोटा तुकडा हे त्यात अडकतात, ट्यूबपर्यंत पोचत नाहीत. बाभळीचा पक्का वाळलेला लांब काटा मात्र उभा बसला तर हा थर पार करतो. बाजूच्या भिंतीला तर हे कवच नाहीच, त्यामुळे रस्त्याकडेच्या काटेरी ढिगाला घासून सायकल उभी करू नये. याच घराण्यातल्या मॅरेथॉन प्लसमध्ये थर ५ मिलिमीटरचा आहे, पण तो टायर आणखी जड आणि आणखी ताठ. रोज भिवंडी बायपासने कामावर जाणाऱ्याने प्लस घ्यावा. सुट्टीच्या दिवशी मुरबाडला जाणाऱ्याला साधा मॅरेथॉन पुरतो.

आता हवा. हा जाड थर टायरमधली कमी हवा लपवतो. साध्या टायरला अंगठ्याने दाबून अंदाज येतो, मॅरेथॉन ४० पीएसआयलाही (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) बोटाला टणक लागतो. मग माणूस तसाच निघतो, आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबवर अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. एकच भोक असेल आणि ते रिमच्या बाजूला असेल, तर रिमटेप (रिममधली स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे. टायरच्या बाजूला असेल तरच काटा, तार किंवा काच.

म्हणून दाब दाखवणारा गेज असलेला उभा पंप घरी हवाच. ७००×३५ टायरवर ३७-६२२ असंही माप लिहिलेलं असतं. या मापाला ५० ते ८५ पीएसआयची मर्यादा टायरच्या भिंतीवर छापलेली असते. स्वार सत्तर किलोचा आणि मागच्या कॅरिअरवर आठ-दहा किलो सामान असेल तर मागे ७० आणि पुढे ५५-६० ठेवावं. ८५ ला नेऊ नये. सकाळी २५ अंशांना भरलेली ७० पीएसआय हवा टायर ५० अंशांपर्यंत तापला की साधारण ७७ होते. ८५ ला भरलेला टायर मर्यादा ओलांडतो. शिवाय इतका टणक टायर उखडलेल्या डांबरावर मनगटं आणि कंबर दोन्ही दुखवतो. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते, तेव्हा आठवड्यापूर्वी भरलेल्या हवेवर निघू नये.

बसवणं हे या टायरचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं. रिममध्ये बसणारी टायरची कड आतल्या तारेमुळे ताठ असते आणि नवा टायर काही रिमवर शेवटच्या वीतभर भागात अडून बसतो. बहुतेक जण इथेच स्क्रू-ड्रायव्हर घेतात आणि नवी ट्यूब फाडतात. योग्य क्रम असा: टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, एक कड पूर्ण आत घ्या, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. मधे मधे थांबून दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या. जी ढिलाई मिळते ती तिथूनच. शेवटचा भाग साबणाच्या पाण्याने ओला करून तळहाताने वर लोटा. अगदीच नाही गेला तर प्लास्टिकचा लिव्हर, म्हणजे टायर चढवायची चपटी पट्टी. शेवटी व्हॉल्व्ह आत दाबून सोडा म्हणजे खाली चिमटलेली ट्यूब मोकळी होते. टायरच्या भिंतीवर रिमलगत एक बारीक रेष असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. हे काम निघण्याच्या आठवडाभर आधी घरी एकदा करून बघावं. रिमवर थोडे दिवस बसलेला टायर पुढच्या वेळी बराच सैल येतो.

वाटेत पंक्चर झालंच, तर ट्यूब बदला, भोक नंतर बुजवा. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून तपासायचाच. कापसाचा बोळा किंवा जुना मोजा टायरच्या आत फिरवा. धागा जिथे अडकतो तिथे तारेचं टोक असतं. ते आतून नखानेही पकडता येत नाही इतकं बारीक असतं. टायर बाहेरून वाकवला की कधीकधी चमकतं. नेलकटरने धरून सरळ रेषेत ओढायचं. हे राहिलं तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते, आणि ‘टायरच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. पॅच लावताना सोल्यूशनचा पातळ थर देऊन चार-पाच मिनिटं वाळू द्या. पावसाळी दमट हवेत आणखी थांबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच दुपारच्या उन्हात सुटतो.

किटमध्ये दोन ट्यूब, पॅच, सँडपेपर, दोन लिव्हर, छोटा पंप, नेलकटर आणि जुन्या टायरच्या भिंतीचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा असावा. भिंत चिरली तर हा तुकडा आतून लावून घर गाठता येतं. छोट्या पंपाने एवढा जाड टायर भरायला दीड-दोनशे झटके लागतात, त्याची तयारी ठेवा.

व्हॉल्व्हची निवडही याच हिशेबाने करावी. गावच्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलचा नळ असतो, काही सायकलींच्या ट्यूबला असणाऱ्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तो बसत नाही. रिमचं छिद्र ८.५ मिलिमीटरचं असेल तर मोटारसायकलच्या जातीचा, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्या. ६.५ चं असेल तर पितळी अडॅप्टर किटमध्ये हवाच. कॉम्प्रेसरवर भरून घेताना, ‘दादा, थोडी थोडी मारा, मी सांगतो तिथे थांबा,’ असं आधीच म्हणावं. ट्रकच्या दाबाने सायकलची ट्यूब काही सेकंदांत मर्यादेपलीकडे जाते.

कमी कुठे पडतो? वजन. एक टायर ७०० ग्रॅमच्या पुढे जातो, सिग्नलवरून सुटताना आणि चढावर ते जाणवतं. सपाटीवर एकदा चाक फिरायला लागलं की विशेष फरक पडत नाही. कोरड्या मुरमावर ठीक चालतो. पावसाळ्यात बांधावरच्या चिखलात मात्र उथळ नक्षी लगेच भरते आणि पुढचं चाक घसरतं. तिथे उतरून चालावं. ओल्या डांबरावर पकड चांगली आहे, पण पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी जोडपट्ट्या आणि शेवाळलेल्या कडेला कोणताच टायर वाचवत नाही. बाजूची परावर्तक पट्टी मला या टायरची कमी लेखलेली जमेची बाजू वाटते. मुरबाड रोडला अंधार पडल्यावर फाट्यावरून येणाऱ्या गाडीला सायकल आडवी दिसते ती त्या दोन चकाकत्या वर्तुळांमुळे.

घेताना टायरवरचा ३७-६२२ हा आकडा वाचून घ्या, दुकानदाराच्या ‘सातशेचा’ या शब्दावर जाऊ नका. शेवटचे तीन आकडे रिमचा व्यास सांगतात, ते जुळलेच पाहिजेत. २९ इंची माउंटन बाइकचं रिमही ६२२ चं असतं, २७.५ चं ५८४, तिथे हा बसत नाही. हायब्रिड सायकलच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये) सहसा जागा पुरते, रेसिंग सायकलच्या कॅलिपर ब्रेकखाली पुरत नाही. मडगार्ड लावणार असाल तर टायर आणि मडगार्डमध्ये निदान बोटभर फट ठेवा, नाहीतर पहिल्याच चिखलात चाक जाम होतं. किंमत देशी टायरच्या कित्येक पट आहे. दोन्ही एकदम परवडत नसतील तर एक घेऊन मागे बसवा. भार मागेच असतो, आणि चाक काढताना चेन-गिअरची कटकटही मागेच.