पाच मोदकांची ऑर्डर पण मनापासून घेतात

डोंबिवली पूर्वेच्या या काकूंकडून आम्ही बरेच महिने उकडीचे मोदक मागवतोय. रिव्ह्यू जरा लांबेल, पण ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते.

माझ्या नवऱ्याचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी सासूबाईंनी दिली. आधी डायलिसिस चालू होतं तेव्हा पोटॅशियम वाढतं म्हणून ओलं खोबरं, शहाळं, केळं सगळं बंद, पाणीसुद्धा मोजून. गणपतीत घरात मोदक व्हायचे आणि तो ताटावर बसून नुसता वरणभात खायचा, आम्हाला घास उतरायचा नाही. ट्रान्सप्लांटनंतर रिपोर्ट नीट यायला लागले तेव्हा डाएटिशियन म्हणाल्या की एखादा मोदक चालेल, पण ताजा आणि गरमच हवा, कारण प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतात, इन्फेक्शन पटकन होतं, आणि गोड बेतानंच, स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस या त्यातल्याच गोळ्यांनी शुगर चढते. (ज्यांच्याकडे ट्रान्सप्लांट झालंय त्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच मागवा, प्रत्येकाचे रिपोर्ट वेगळे.)

काकूंना फोनवर हे सगळं सांगितलं. मला वाटलं नाहीच म्हणतील, त्यात ऑर्डर फक्त पाचची. त्यांनी विचारलं, गोळ्या किती वाजता असतात? म्हटलं सकाळी नऊ आणि रात्री नऊ, आगेमागे पोट रिकामं ठेवायला सांगितलंय. मग म्हणाल्या, बाराला जेवायला बसता ना, तेव्हाच पोचवते. नारळ त्याच सकाळी खवलेला, गूळ आमच्यासाठी कमी, आणि डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली, "११.४० ला उतरवले". ती चिठ्ठी प्रत्येक वेळी असते, आम्ही न सांगता.

तेव्हापासून घरात ठरूनच गेलंय, काही चांगलं झालं की पाच मोदक. ऑपरेशनच्या वेळी लघवीच्या नळीत घातलेला स्टेंट काढला तेव्हा मागवले, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) १.२, म्हणजे चांगलं आलं तेव्हा मागवले, मास्क लावून एकटा स्टेशनपर्यंत चालत जाऊन आला तेव्हा मागवले, सासूबाई पहिल्यांदा बिल्डिंगचे जिने चढून आल्या तेव्हा तर त्यांच्या नावानेच. स्टिरॉइडचा डोस कमी झाला त्या दिवशी मुलीने स्वतः काकूंना फोन केला. रक्त तपासायच्या दिवशी सकाळची गोळी न घेता लॅबला जायचं असतं, टॅक्रोलिमसची लेव्हल गोळीच्या आधी बघतात, रिपोर्ट येईपर्यंत कोणी धड बोलत नाही आणि मग रिपोर्ट चांगला आला की मुलगी म्हणते, काकूंना सांगू? एवढ्यानेच घर हलकं होतं. मोठी पार्टी आम्हाला करता येत नाही, गर्दी नको असते, पण हे करता येतं.

आता चवीचं. पारी पातळ, कळ्या सुबक, आणि मोदक उचलताना फाटत नाही, आंबेमोहोराच्या पिठाचा वास येतो. सारणात जायफळ मला किंचित जास्त वाटतं, नवऱ्याला तसंच आवडतं. साजूक तूप वेगळ्या वाटीत देतात ते बरं पडतं. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या मागितल्या तर मिळतात, आमच्यासाठी मीठ कमी घालतात कारण बीपी सांभाळायचं असतं, सासूबाई मोदकापेक्षा त्याच आधी संपवतात.

एक मोदक चाळीस रुपये, हाताच्या कामाला जास्त नाही. अडचण एकच, संकष्टीला आणि गणपतीत फोन लागत नाही आणि डिलिव्हरीला उशीर होतो. एकदा डबा कोमट आला तेव्हा काकूंनीच फोन करून सांगितलं की तसाच खाऊ नका, पुन्हा चांगली वाफ काढा, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत ऑर्डर द्या आणि पेशंटसाठी हवेत हे सुरुवातीलाच सांगा. निवगऱ्या पण तेव्हाच सांगून ठेवा, नंतर उरत नाहीत.