लग्न परदेशात करायचंय, मग नोंद कुठे करायची?

थायलंडच्या किनाऱ्यावर लग्न करून आलेल्या एका ओळखीच्या जोडप्याचं ‘मॅरेज सर्टिफिकेट’ मी हातात घेऊन पाहिलं आहे. जाडसर कागद, सोनेरी वेलबुट्टीची कड, दोघांची नावं वळणदार अक्षरात, खाली हॉटेलच्या व्यवस्थापकाची सही. मुलगा अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणून मुलीच्या एच-४ या जोडीदाराच्या व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र जोडायचं होतं. फाइल लावताना उलगडा झाला की तो कागद हॉटेलने आठवण म्हणून दिला होता. थायलंडच्या सरकारी दप्तरी त्यांचं लग्न लागलेलंच नव्हतं आणि भारतातही कुठे नोंद नव्हती. पाहुणे, सप्तपदी, व्हिडिओ सगळं होतं, फक्त कागद नव्हता. शेवटी इथे येऊन नोटीस दिली, तीस दिवस थांबले, तेव्हा प्रमाणपत्र हाती आलं. त्या मुलीने ते दिवस माहेरी कोणत्या घालमेलीत काढले ते मी जवळून पाहिलं. म्हणून भाचीचं लग्न बालीत करायचं ठरलं तेव्हा मेनू आणि मांडवाआधी मी कायदा वाचायला बसले.

वाटा तीन आहेत: भारतात कायदेशीर लग्न करून परदेशात सोहळा करायचा, त्या देशाच्या कायद्याने तिथेच लग्न करायचं, किंवा तिथल्या भारतीय दूतावासात विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावायचं.

दूतावासातलं लग्न

ही वाट आधी सांगते, कारण ‘आपली एम्बसी आहे ना, तिथे सही करू’ असं म्हणणारे खूप भेटतात. विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली हे लग्न होतं. दोघांपैकी एक तरी भारताचा नागरिक हवा. शिवाय नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकजण त्या अधिकाऱ्याच्या हद्दीत सलग तीस दिवस राहिलेला हवा. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी आणखी तीस दिवस जातात, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. म्हणजे आठवड्याभरासाठी जाऊन येणाऱ्या वऱ्हाडासाठी ही वाट नाहीच. मुलगा किंवा मुलगी तिथे नोकरीला असेल, तर मात्र ती उत्तम, कारण हातात येणारं प्रमाणपत्र भारतीय कायद्याचंच असतं. दोघेही ओसीआय कार्डधारक असाल तर ती बंद आहे. ओसीआय हे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, ते नागरिकत्व नव्हे.

तिथल्या कायद्याने लग्न: देशागणिक गोष्ट वेगळी

इथे खरी तुलना करावी लागते, कारण ‘परदेशात लग्न’ असं एकच काही नसतं.

थायलंडमध्ये किनाऱ्यावरच्या विधीला कायद्याने काहीच किंमत नाही. भटजी असोत की बौद्ध भिक्खू, लग्न लागतं ते ‘अम्फो’ नावाच्या कार्यालयात नोंद झाल्यावर. आपल्या तहसील कचेरीसारखं ते ठिकाण. बँकॉकमधलं बांग राकचं कार्यालय तर नावातल्या ‘राक’ म्हणजे प्रेम या शब्दामुळे प्रसिद्ध आहे, व्हॅलेंटाइनला तिथे रांगा लागतात. नोंदीआधी बँकॉकच्या आपल्या दूतावासाकडून लग्नाला अडथळा नसल्याचं पत्र, त्याचं थाई भाषांतर, मग थाई परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम आहे. तिथे महिनाभर राहण्याची अट नाही, पण कामाचे काही दिवस हातात ठेवूनच जावं लागतं. लग्न फुकेतला आणि दूतावास बँकॉकला, हे विसरू नका. मिळणारं प्रमाणपत्र थाई लिपीत असतं, त्यामुळे भारतात वापरण्याआधी भाषांतर आणि प्रमाणीकरण परत एकदा करावं लागतं.

बालीत वेगळाच पेच आहे. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्न धर्माच्या विधीने लागतं आणि मग नागरी नोंद होते. दोघांचा धर्म एकच लागतो. दोघेही हिंदू असतील तर बाली हे हिंदू बहुसंख्य बेट, अडचण कमी. मुलगा हिंदू आणि मुलगी ख्रिश्चन असेल तर दोघांपैकी एकाला कागदोपत्री धर्म बदलायला सांगितलं जातं. एका समुद्रकिनाऱ्यासाठी कोणाही मुलामुलीवर ही वेळ आणू नये, असं मला मनापासून वाटतं. आंतरधर्मीय जोडप्याने बालीत फक्त सोहळा करावा आणि लग्न भारतात करावं.

मॉरिशस मला या यादीत सर्वांत सरळ वाटतं. तिथले नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या जोडप्यांसाठी स्वतंत्र सोय आहे. आपण तिथले नागरिक वा रहिवासी नाही असं प्रमाणपत्र पोर्ट लुईच्या नागरी नोंदणी कार्यालयातून घ्यायचं, मग नागरी अधिकारी लग्न लावतो. हॉटेलात येऊनही लावतो. मॉरिशस हेग अपॉस्टिल करारात (एका देशाच्या सरकारी कागदावरचा शिक्का दुसऱ्या देशाने मानण्याचा करार) आहे आणि भारत २००५ पासून आहे, त्यामुळे तिथला एक शिक्का इथे चालतो, दूतावासाचे वेगळे हेलपाटे वाचतात. आणि आपल्यासाठी एक गोष्ट आणखी: एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती तिथे आहे, त्यांची देवळं आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मंगलाष्टकं म्हणणारा माणूस तिथे शोधणं इतर ठिकाणांइतकं अवघड नाही.

अबुधाबीने २०२१ मध्ये मुस्लिमेतर परदेशी नागरिकांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला. पर्यटक म्हणून आलेलं जोडपंही तिथे लग्न करू शकतं, प्रमाणपत्र अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतं. शेजारच्या दुबईचे नियम वेगळे आहेत, तिथे दोघांपैकी एकाकडे रहिवासाचा परवाना लागतो. म्हणून ‘यूएई’ असा एकच शब्द वापरणाऱ्या आयोजकाला नेमकं कोणतं अमिरात ते विचारा.

इटलीचं स्वप्न महाग आहेच, शिवाय आपल्या दूतावासाचं ‘नुल्ला ओस्ता’ म्हणजे ना हरकत पत्र, ते तिथल्या प्रीफेक्तूरा या प्रांताच्या सरकारी कार्यालयाकडून प्रमाणित करणं, आणि इटालियन येत नसेल तर लग्न लागताना दुभाषा, इतकं सांभाळावं लागतं.

कोणत्याही देशात अविवाहित असल्याचा पुरावा लागतोच. इथे नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र, मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल किंवा साक्षांकन. देश करारात नसेल तर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीलाही हाच प्रवास घडवावा लागतो. घरच्यांना वाटतं जन्मदाखला आणि पासपोर्ट पुरेल. पुरत नाही.

तिथे लागलेलं लग्न इथे चालतं का? ढोबळ दंडक असा की लग्नाची रीत त्या देशाच्या कायद्याने पाहिली जाते, आणि लग्नाची पात्रता आपल्या कायद्याने. मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा पूर्ण हवी, तिथला कायदा काहीही म्हणो. १९६९ च्या कायद्याचं सतरावं कलम फार थोड्या लोकांना माहीत असतं: परदेशात तिथल्या कायद्याने झालेलं लग्न, एकजण भारतीय असेल तर, तिथल्या भारतीय विवाह अधिकाऱ्याकडे नोंदवता येतं. तिथल्या कायद्यानेच लग्न करणार असाल तर परत येण्याआधी याची चौकशी नक्की करा. समलिंगी जोडप्यांना मात्र हे लागू होत नाही. थायलंडने जानेवारी २०२५ पासून त्यांच्या लग्नाला मान्यता दिली, पण ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतात त्या लग्नाला कायदेशीर स्थान मिळत नाही. त्या मुलांना हे आधी स्पष्ट सांगायला हवं, म्हणजे नंतर दुखावलं जाणार नाही.

घरी कायदा, तिकडे सोहळा

आम्ही ही वाट धरली, आणि दोघे भारतात राहणारे असतील तर मी प्रत्येकाला हीच सुचवते. विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस तीन महिने चालते. भाचीचं लग्न लागलं ते पुण्यातल्या एका सरकारी खोलीत, पंख्याच्या घरघरीत. ती साधी नारायणपेठ नेसून आली होती. साक्षीदार म्हणून मी, जावईबापूंचे काका आणि तिची शाळेतली मैत्रीण. एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतो हे शब्द अधिकाऱ्यांमागून म्हणताना तिचा आवाज कापला. मला वाटलं होतं ते नुसतं सह्यांचं काम असेल. तसं नव्हतं.

या वाटेवर एक मोठा खड्डा आहे. बरेच लोक विशेष विवाह कायद्याऐवजी हिंदू विवाह कायद्याखाली ‘आधी नोंदणी करून ठेवतात’, विधी नंतर परदेशात करू म्हणून. एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने लग्न होत नाही. या कायद्याने जायचं असेल तर आधी घरी किंवा देवळात सप्तपदीसह खरंखुरं लग्न लावा, मग नोंद करा. तीस दिवसांची नोटीस तिथे नाही, म्हणून घाईत असलेल्यांना ते सोयीचं पडतं. आते-मामे भावंडांच्या लग्नालाही हाच मार्ग बरा. आपल्याकडे अनेक समाजांत ती रीत आहे आणि हिंदू विवाह कायदा रूढीला मान देतो. विशेष विवाह कायद्यात मात्र ते नातं निषिद्ध यादीत येतं आणि रूढीची सूट राज्याच्या अधिसूचनेशी बांधलेली आहे.

ज्येष्ठ मंडळींची एक भीती हमखास निघते: कोर्ट मॅरेज केलं की वडिलोपार्जित मिळकतीतून नाव जातं. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर तसं होत नाही. आमच्या आजोबांना मी कलम २१-अ वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी तारीख धरू दिली.

मग कोणी काय करावं

दोघे भारतात राहता, नंतर व्हिसा काढायचा आहे: घरी लग्न, तिकडे सोहळा. एक जोडीदार परदेशी नागरिक आहे आणि त्याच्या देशात कायमचं राहायचं आहे: त्याच्याच देशाच्या कायद्याने करा, पुढचे सगळे अर्ज तिथेच करायचे आहेत. एकजण तिथे नोकरीला आणि दुसरा सवडीने जाऊ शकतो: दूतावास. परदेशातलंच प्रमाणपत्र हवं असा दोघांचा खरोखर हट्ट असेल, तर मॉरिशस किंवा अबुधाबी आधी पाहा, थायलंड नंतर.

घरी लग्न करणार असाल तर दिवस उलटे मोजा. वीस डिसेंबरचा सोहळा असेल तर नोटीस ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लग्न लागतं, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या कामाला महिना-दीड महिना उरतो. मुहूर्त काढताना गुरुजींना गावाचं नाव सांगा, नुसता देश नको. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, बँकॉक दीड तास पुढे, मॉरिशस दीड तास मागे. पुण्याच्या पंचांगातली वेळ तिथल्या घड्याळाला तशीच लावून चालत नाही. लाजाहोमाच्या अग्नीसाठी हॉटेलची परवानगी लेखी घ्या. तोंडी हो म्हणणारे ऐनवेळी धुराचा गजर पुढे करतात.

आणि दागिने. पाटल्या, ठुशी, मोहनमाळ, जे काही नेणार असाल त्याचं सराफाकडून मूल्यांकन करून घ्या आणि निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र बनवून घ्या. त्यासाठी चेक-इनच्या आधी तासभर जास्तीचा ठेवा. भाचीच्या आजीच्या पाटल्या आम्ही अशाच नेल्या. परतताना मुंबईला अधिकाऱ्यांनी बॅग उघडायला लावली, कागद पाहिला, पाटल्यांवरचे मोती मोजले आणि जाऊ दिलं.