आखाजीआधी बोर्ड बदलायचाय: फ्यूज, एमसीबी की आरसीसीबी?

फाल्गुन सरला की खान्देशात माळ्यावरचे कुलर खाली उतरतात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याचा कुलर खिडकीत बसतो आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-नातवंडं माहेरी आली की त्याला दिवसरात्र विसावा नसतो. मी अमळनेर-चोपडा भागात वायरमनचं काम करतो. याच दिवसांत दुकानदार आणि घरची मंडळी मला हमखास विचारतात: जुने किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनी मातीचे, तार भरायचे फ्यूज राहू द्यावेत, जास्त करंटला आपोआप बंद होणाऱ्या (म्हणजे पडणाऱ्या) एमसीबी बसवाव्यात, की ती महागातली ईएलसीबी, म्हणजेच आरसीसीबी, घ्यावी?

पुढे किराणा दुकान आणि मागे घर, अशा एका ठिकाणी मला बोलावलं होतं. आजी कुलरमध्ये पाणी भरत होत्या. हात पत्र्याला लागला आणि झटक्याने त्या मागे फेकल्या गेल्या. पायात कोरडी रबरी चप्पल होती म्हणून वाचल्या. घरच्या आबांनी मला बोर्डापुढे उभं केलं आणि विचारलं, “भाऊ, फ्यूज त उडना नही, मंग झटका कसा बसना?” बोर्डात काय घ्यायचं हे ठरवण्याआधी या प्रश्नाचं उत्तर समजून घ्या.

फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोन्ही वायर वाचवायला असतात. वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट गेला की सर्किट तोडायचं, एवढंच त्यांचं काम. माणसाच्या अंगातून जमिनीत उतरणारा करंट अँपिअरच्या विसाव्या भागाएवढा असला तरी हृदयाची लय बिघडू शकते. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही.

“पण आमच्याकडे अर्थिंग आहे ना!” असं बरेच जण म्हणतात. इथे आपल्या भागातली मेख आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला ओलावा आटतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो 10 ओहम झाला. कुलरच्या पंपाचं इन्सुलेशन फाटून फेज (करंट असलेली तार) पत्र्याच्या बॉडीला लागला, तर 230 भागिले 10, म्हणजे जास्तीत जास्त 23 अँपिअर करंट अर्थिंगमधून जाईल. घरात साधारण सी प्रकारची एमसीबी असते. 16 अँपिअरची असेल तर ती तत्काळ पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 23 अँपिअरवर ती तापत तापत पडते, त्यात मिनिटं जातात, कधी तासभरही लागू शकतो. तेवढा वेळ कुलरच्या पत्र्यात करंट असतो आणि नातवंडं त्याच्याच पुढ्यात खेळत असतात.

आरसीसीबीचं काम वेगळं. बाजारात तिला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, हे ती सतत बघते. 30 मिलीअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअरचा, फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत सप्लाय तोडते. अर्थिंग 100 ओहमपर्यंत बिघडलं तरी गळणारा करंट 2.3 अँपिअर असतो, म्हणजे तिला पडायला लागतो त्याच्या कितीतरी पट. म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझं मत ठाम आहे: जुन्या फ्यूजच्या बोर्डात बाकी काही बदलता आलं नाही तरी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी आधी बसवा. डबल पोलची, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी, दीड-दोन हजारांपासून पुढे मिळते.

दुकानदारांना कधी कधी 100 किंवा 300 मिलीअँपिअरची सुचवली जाते, कारण ती सारखी पडत नाही. ती आगीपासून राखायला ठीक आहे, माणसाला वाचवायला नाही. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचून घ्या.

तिच्या मर्यादाही सांगतो. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट ती ओळखत नाही, म्हणून सोबत फ्यूज किंवा एमसीबी लागतेच. एका हाताला फेज आणि दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागला, तर तो करंट तिच्या हिशेबात बरोबरच भरतो आणि ती पडत नाही. तिसरी गोष्ट इन्व्हर्टरची. इन्व्हर्टरच्या लाइनीचा आणि मेनचा न्यूट्रल पुढे कुठे एकत्र केला असेल तर ती उगाच पडत राहते. मग कोणीतरी वैतागून तिला बायपास करतं. हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल वेगळे करायला वायरमनला अर्धा दिवस लागेल, तेवढी मजुरी द्या. पावसाळ्यात पडायला लागली तर कुठेतरी भिंतीत ओल आणि वायरीत गळती आहे, ती शोधायची. आणि टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडली नाही तर ती कामातून गेली.

फ्यूज की एमसीबी, यावर फार बोलायला नको. फ्यूज वाईट नसतो, त्यात कोणती तार भरली जाते यावर सगळं असतं. रात्री लाइट गेली की हाताशी असेल ती तांब्याची तार पिळून भरली जाते आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळते. एमसीबीत तार भरता येत नाही, म्हणून ती सरस.

फक्त उन्हाळ्याचं एक ध्यानात ठेवा. एमसीबीवरचा आकडा 30 अंश तापमानासाठी दिलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या डब्यात दुपारी आत 50 अंश झाले की तीच एमसीबी कमी करंटवर पडते. अशा वेळी 16 काढून 32 ची बसवतात आणि अडीच एमएमची वायर आत शिजत राहते. लोड वाढला नसेल तर बोर्ड सावलीत हलवा, डब्याला हवा खेळती ठेवा. लोड वाढला असेल तर एसीला चार एमएमची स्वतंत्र लाइन ओढा.

आता दिव्यांचं. चोकवाली 40 वॅटची जुनी ट्यूब चोकसकट 52-55 वॅट खाते, एलईडी पट्टी 20. दुकानात अशा दहा असतील आणि दिवसाला दहा तास चालत असतील तर रोजचे तीन युनिटांहून जास्त वाचतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा, व्यापारी दराला पैसे लवकर वसूल होतात. इथे निवड एलईडी घ्यायची की नाही अशी नाहीच, कोणती घ्यायची ही आहे. जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब अडकवायची असेल तर चोक-स्टार्टर काढून ट्यूबवर दाखवल्याप्रमाणे वायरिंग करून घ्या. आपल्याकडे एलईडी जाते ती बहुधा ड्रायव्हरमुळे, म्हणजे तिला हवा तसा करंट पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमुळे. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, त्यामुळे पत्र्याखाली किंवा बंद पीओपीत बसवलेले दिवे आधी जातात. कापड दुकानाने सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 च्या पुढचे दिवे घ्यावेत, थोडे महाग पडले तरी. लग्नाचा शालू दुकानात एका रंगाचा आणि घरी दुसऱ्याच रंगाचा दिसला की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. सोन्याला पिवळसर प्रकाश खुलतो, चांदीला पांढरा.

थ्री फेज असलेल्या दुकानात एकाच वेळी दहा-पंधरा दिवे, संगणक, फ्रीज जळाले, तर दिव्यांच्या कंपनीला दोष देण्याआधी न्यूट्रल तपासा. तो सैल होऊन तुटला की 230 ऐवजी 400 च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं.

देखभालीचा वर्षाचा करार करावा की लागेल तेव्हा बोलवावं? घराला कराराची गरज नाही. आखाजीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा बोलवा: सगळे स्क्रू आवळून घ्या, पिवळे पडलेले प्लग बदला, अर्थिंग मीटरने मोजून घ्या. टेस्टर पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं होत नाही. मोठ्या दुकानाला, विशेषतः कापूस किंवा कापडाची धूळ असेल तिथे, करार परवडतो. जळका वास, बोर्डाचा गरम पत्रा, लुकलुकणारा दिवा, यांतलं काही दिसलं तर कराराची तारीख बघत बसू नका, मेन बंद करा आणि फोन करा.

अर्थिंगच्या खड्ड्याचंही विचारतात. मीठ-कोळशाचा खड्डा स्वस्त, पण मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतावं लागतं. तयार केमिकल अर्थिंग महाग, पाण्याची कटकट कमी. घरचा कोणी रोज तुळशीबरोबर खड्ड्यालाही तांब्याभर पाणी घालणार असेल तर मीठ-कोळसा चालेल, पाइप मात्र निदान अडीच मीटर खोल हवा. दुकानाच्या मागे कोण पाणी घालणार? तिथे केमिकल घ्या.

जागा भाड्याची असेल तर खड्ड्याचा आणि वायरिंगचा खर्च मालकाशी बोलून घ्या, ते दोन्ही तिथेच राहणार आहे. आरसीसीबीसाठी मात्र मालकाचा होकार मिळाला की थांबू नका. जागा सोडताना ती चार स्क्रू काढून सोबत नेता येते. आणि ती बसेपर्यंत कुलरमध्ये पाणी भरताना प्लग उपटून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.