१९७२ ची रोल्स-रॉईस कॉर्निश, बेळगावच्या टिळकवाडीत तासभर

काकांच्या मित्राकडं ही गाडी हाय हे ऐकून होतो, रविवारी शेवटी बसायला मिळालं. गेटात उभा राहून नुसता बघत होतो तर म्हणाले, "काय बघूलालास, बस की आत!"

कॉर्निश हे नाव १९७१ ला आलं आणि ओपन मॉडेल पार १९९५ पर्यंत चाललं, बॉडी लंडनला मलिनर पार्क वॉर्ड या रोल्स-रॉईसच्याच बॉडी कारखान्यात हातानं बनायची. ही तिसऱ्या मालकाकडची, पहिला लंडनचा, दुसरा मुंबईचा शेठ, आणि दोघांचीही सर्व्हिसची बिलं एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात, मला तर गाडीपेक्षा तो डबाच जास्त आवडला.

६.७५ लिटरचं व्ही-८ इंजिन, पण चालू हाय की बंद तेच कळत नाही. लेदरला बारीक भेगा हायत, मुद्दाम नवं घातलं नाही, बरं केलं.

आता दुखणं. ब्रेकच्या हायड्रॉलिकला आरआर ३६३ हेच फ्लुइड लागतं, मिनरल ऑइल नंतरच्या मॉडेलला, आणि एका गॅरेजवाल्यानं नेमकं ते मिनरल ऑइलच ह्यात ओतलं, सगळी रबरी सीलं फुगून गेली, वर्षभर गाडी शेडमध्ये. पार्ट इंग्लंडहून आले, एक बुश तेवढा इथल्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात लेथवर करून घेतला, तो मात्र झकास बसलाय.

पेट्रोल म्हणाल तर लिटरला चार-पाच किलोमीटर. छत बटणावर उघडतं-मिटतं पण घडी केलेल्या छतावरचं कव्हर हातानंच लावायचं-काढायचं, दोघं लागतात, आणि आपल्या बेळगावचा पाऊस तेवढं थांबतोय होय? काँग्रेस रोडवर भिजलोच आम्ही.