पवईची टेप आणि माझे ४२ हजार

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, २६ वर्षं झाली या कामाला. मागच्या दिवाळीच्या आधी एका खोट्या जुन्या टेपेपायी माझे ४२ हजार गेले, आणि ते कसे गेले ते सविस्तर लिहितोय कारण तो माणूस अजून थांबलेला नाही, परवाच कोल्हापूरच्या एका ओळखीच्यांना त्यानं टेपेच्या डब्याचे तसलेच फोटो पाठवलेत, फक्त डब्यावर नाव दुसऱ्या वादकाचं. सॅक्सोफोन, जॅझ, जुन्या टेपा, कुठं न आलेली रेकॉर्डिंगं असला नाद ज्याला ज्याला आहे त्यानं हे वाचाच, लांब झालंय पण वाचा.

माझा मामा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. सीझन नसला की संध्याकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खाली घाटाकडं जाऊन एकटाच वाजवत बसायचा, गल्लीत वाजवलं की शेजारचे कावायचे म्हणून. त्याला मुंबईच्या एका गोवेकर वादकानं अमेरिकेचा जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स याची एक कॅसेट दिलेली, आणि तिच्याबरोबर एक गोष्ट सांगितलेली जी मामानं मला शंभरदा तरी सांगितली असेल, की रोलिन्सचं ऐन नाव झालेलं असताना १९५९ ला त्यानं कार्यक्रम बंद केले आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत राहिला, घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. परत आल्यावर जी रेकॉर्ड १९६२ ला आली तिचं नावच 'द ब्रिज'. मामाला हे सांगताना दरवेळी भरून यायचं. मामा गेल्यावर त्याच्या सगळ्या कॅसेट माझ्याकडं आल्या, आणि मी नोकरीला लागल्यापासून जमेल तशा एलपी रेकॉर्डी घेत गेलो, १४० झालेल्या.

२०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, कुणी काय वाचवायचं. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'चं कव्हर हाताला चिकटून भिजल्या पापडासारखं सुटून आलं, आत रेकॉर्डच्या रेघांत गाळ भरलेला, तो वाळला की सिमेंटसारखा होतो, ब्रशनं काढायला गेलं की रेघच जाते. मामाच्या कॅसेटींच्या आत तर नदीचीच माती. एकही वाचली नाही. हे सगळं मी मागं रेकॉर्डवाल्यांच्या एका ग्रुपवर लिहिलेलं, मन मोकळं करायला म्हणून, आणि तिथंच त्यानं मला हेरलं असणार.

मेसेज आला तो असा, 'दादा, तुमच्या पुराबद्दल वाचलं, दोन दिवस झोप नाही लागली.' मग हळूहळू बोलणं वाढवलं, सासरे मुंबईत साऊंडचं काम करायचे, वारले, माळ्यावर स्पूल, म्हणजे चकतीवर गुंडाळलेल्या जुन्या टेपा, सापडलेत, त्यातल्या एकावर लिहिलंय सनी रोलिन्स, पवई, १९६८. एकट्याचा टेनर सॅक्सोफोन, तासभर, बरोबर कुणी नाही. भंगारात घालायच्या आधी कदर असलेल्या माणसाला द्यावा म्हणतोय.

आता यातली मेख बघा. रोलिन्स पवईत राहिला होता हे खरंय. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो भारतात आलेला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिलेला, त्यानं स्वतः मुलाखतींत सांगितलंय. आणि घरात पडून राहिलेल्या टेपा सापडतात हेही खरंय, कोल्ट्रेनचं ६ मार्च १९६३ चं सेशन त्याच्या पहिल्या बायकोच्या घरच्यांकडं टेपवर राहिलेलं, ते २०१८ ला बाहेर आलं. सिएटलमध्ये २ ऑक्टोबर १९६५ ला 'अ लव्ह सुप्रीम' आख्खं वाजवलेलं ते २०२१ ला आलं. खुद्द रोलिन्सचं हॉलंडमधलं १९६७ चं वाजवणं २०२० ला आलं. मग पवईची टेप का नसावी? वर त्या विकणाऱ्यानं मला हेही ऐकवलं की अँथनी ब्रॅक्स्टन या वादकानं एकट्या ऑल्टो सॅक्सोफोनवर डबल एलपी भरून 'फॉर ऑल्टो' केलं ते १९६९ चं रेकॉर्डिंग, १९७१ ला आलेलं, आपली टेप त्याच्या आधीची, म्हणजे एकट्या सॅक्सोफोनचा इतिहासच बदलतो दादा. मला सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं १९४८ चं 'पिकासो' माहीत होतं, बिनसाथीचं, ते मी म्हटलं तर लगेच, 'हो ना, पण ते तीनच मिनिटं.' इतकी माहिती असलेला माणूस चोर असेल असं मनातच येत नाही हो. सांगतोय ते सगळं खरं आणि विकतोय ती वस्तू तेवढी खोटी, असला हा प्रकार आहे, म्हणून लिहितोय.

६५ हजारांपासून सुरू झालं. मी म्हटलं मला परवडणार नाही, तर म्हणाला जपानचं गिऱ्हाईक थांबलंय पण टेप महाराष्ट्राबाहेर जाऊ नये अशी सासऱ्यांची इच्छा होती. ४२ ला तुटलं. मी म्हटलं थोडं ऐकवा, तर स्पीकरसमोर फोन धरून ४० सेकंदांची क्लिप पाठवली. खरंच रोलिन्सच होता तो, तो जाड आवाज, एकच तुकडा उलटासुलटा करून बघायची ती सवय, चुकायचा प्रश्नच नव्हता. रात्री मी ती क्लिप किती वेळा ऐकली याला मोजमाप नाही. अजून ऐकवा म्हटलं तर 'लीक झालं तर किंमत शून्य होईल दादा, समजून घ्या.' मी समजून घेतलं. २० हजार आधी, २२ कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं, विचारलं तर मेहुण्याचं खातं. तिथं मी पाच मिनिटं थांबलो होतो, अंगठा उचललेला होता, हे मला नीट आठवतंय, आणि मग तेवढ्यात त्याचा फोन आला, 'दादा काही अडचण?' आणि मी दाबलं.

आमच्या यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा ढिगासमोर उभा राहिलेला व्यापारी, ओळखीच्या शेतकऱ्याचा माल असला तरी, आधी हळकुंड उचलून मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच बोली बोलतो. वरनं पॉलिश केलेली सगळी हळद पिवळीच दिसते. २६ वर्षं मी रोज ते बघतोय आणि इथं डब्याचे फोटो बघून पैसे पाठवले.

टेप आली. सात इंची स्पूल, जुना कळकट खोका, वर निळ्या शाईनं लिहिलेलं. वाजवायची कशावर? सांगलीत स्पूलचं मशीन चालू स्थितीत आता कुणाकडं असतंय, आणि त्याचा सगळा हिशोब यावरच होता की याला लवकर वाजवताच येणार नाही, तोपर्यंत पैसे चार खात्यांतनं फिरून जातील. मला मशीन शोधायला दोन आठवडे गेले. शेवटी मिरजेत सतारमेकर गल्लीत चौकशी करता करता एका काकांचं नाव कळलं, वय ७८, दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफली पूर्वी स्पूलवर रेकॉर्ड करायचे. त्यांनी मशीन झाकून ठेवलेलं, आठवड्यानं या म्हणाले, बेल्ट बघतो.

गेलो तेव्हा काकांनी आधी कापसाला स्पिरिट लावून मशीनचं हेड, म्हणजे टेप जिथं घासत जाते तो भाग, पुसलं, टेप लावली आणि खटका दाबला. आणि आवाज आला. मी खरं सांगतो, माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. मागं बारीकसा माणसांचा गलका येत होता, मला वाटलं आश्रमातली माणसं असतील. काका मात्र वाजवण्याकडं लक्ष न देता टेपकडं बघत बसलेले. पहिली बाजू अर्ध्या तासात संपली. त्यांनी परत नवा कापूस घेऊन हेड पुसलं आणि तो कापूस माझ्यासमोर धरला. पांढराशुभ्र. 'दिवाणजी, पन्नास वर्षं मुंबईच्या हवेत राहिलेली टेप आहे न्हवं, मग थोडं तरी टेपवरचं तांबूस उतरायला पाहिजे ओ. न्हाई उतरलं म्हणजे खोटंच असं म्हणत न्हाई मी, चांगली ठेवली असंल. पण अजून एक ऐका.' आणि मागं घेऊन एक जागा परत वाजवली. सूर संपल्या संपल्या टाळीचा अर्धा तुकडा, टच्च, आणि पुढचा सूर. 'कापलंय हितं. आश्रमात एवढी शेकडो माणसं टाळ्या वाजवाय कुठनं आली, आणि त्या कापायचं कारण काय?'

मी म्हटलं दुरुस्तीत गेलं असेल काहीतरी. मान्य करायचं मनच नव्हतं. मग खोका हातात घेऊन नुसता फिरवत बसलो, आणि मागच्या बाजूला स्टुडिओचा म्हणून जो पत्ता लिहिलेला तो तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. पवई, बॉम्बे ४०० ०७६.

माझं अर्धं आयुष्य परगावच्या पार्ट्यांच्या बिलांवर पत्ते लिहिण्यात गेलंय. आमच्या दुकानाच्या जुन्या वह्या मी बघितल्यात, ७२ च्या आधीच्या पत्त्यांना पिनकोड नसायचाच, कारण पिनकोड सुरूच झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६८ च्या डब्यावर त्याच शाईनं, त्याच अक्षरात सहा आकडी पिन आला कुठनं? आणि या मागच्या बाजूचा फोटो मला पैसे द्यायच्या आधीच आलेला होता. नंतर फोनमध्ये बघितलं, तिसराच फोटो, स्पष्ट वाचता येतोय. मी नुसतं सनी रोलिन्स हेच नाव बघत बसलेलो.

बाकीचं माझ्या पोरीनं शोधलं, ती पुण्यात शिकते. तिला जॅझमधलं काही कळत नाही पण तिनं सरळ विचार केला की बाबा, या माणसानं एकट्यानं वाजवलेलं जे जे आलंय ते सगळं काढू. निघालं १९८५ चं. १९ जुलै १९८५ ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत रोलिन्सनं एकट्यानं कार्यक्रम केला, तो 'द सोलो अल्बम' म्हणून आलेला आहे, दोन भाग, एलपीच्या एकेका बाजूला एक. मी तो कधी ऐकलेला नव्हता, मामाकडच्या कॅसेटवरचं वाजवणं ५० च्या दशकातलं. काकांकडं मी फोनवर जी टेप भरून घेतली होती ती आणि हा अल्बम पोरीनं एकदम लावले. मशीनचा वेग जरा कमी, त्यामुळं हळूहळू पुढंमागं होत जायचं, पण सूर न सूर तोच, श्वास घेतलेली जागा तीच, एका ठिकाणी सूर फाटल्यासारखा होतो तोही तिथंच. रोलिन्ससारखा माणूस आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, तीच चीज दुसऱ्या दिवशी त्यालाही तशी वाजवता येणार नाही, आणि १७ वर्षांच्या अंतरानं दोनदा तेच, श्वासासकट? विषयच संपला. अल्बममधल्या टाळ्या काढल्या, थोडी खरखर घातली, कुठल्यातरी कोऱ्या स्पूलवर भरलं आणि जुन्या खोक्यात घातलं. सात इंची स्पूलवर १२०० फूट टेप बसते, सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाला बत्तीस मिनिटं, एकेक भाग बरोबर एकेका बाजूला.

फोन केला तर बंद. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावून तक्रार दिली, नंबर मिळाला, पण पैसे जाऊन २३ दिवस झालेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर खात्यातच अडवायला जमलं असतं. तेव्हा संशय जरी आला तरी वस्तू वाजवून बघायची वाट बघू नका, आधी १९३० लावा. मला लाज वाटत होती म्हणून बायकोलाही दहा दिवस सांगितलं नव्हतं. कळल्यावर ती पैशाचं काही बोलली नाही, एवढंच म्हणाली की पुरानंतर तुम्ही पहिल्यांदा काहीतरी घेताय म्हणून मी गप्प बसले होते.

आता मी काय करतो सांगतो. कुणी टेप आहे म्हटलं की व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून, मी सांगेन त्या मिनिटाला टेप नेऊन वाजवा म्हणतो, फोनवरची क्लिप नको. खरा विकणारा कटकट करेल पण करेल. सोलो वाजवणं असेल तर त्या वादकाची आलेली सगळी सोलो रेकॉर्डिंगं आधी ऐकतो, कारण साथ नसलेलं रेकॉर्डिंग चोरायला सगळ्यात सोपं, मागं ड्रम नाही, बास नाही, कुठल्या वर्षीचा ताफा ते ओळखायला काही हाताला लागत नाही. खोक्याच्या सगळ्या बाजू वाचतो. आणि पैसे ज्याच्याशी बोललो त्याच्याच नावावर, नाहीतर नाही.

कोल्हापूरवाल्यांना आलेले फोटो मी मागवून घेतले आणि माझ्या खोक्याशेजारी ठेवून बघितले. अक्षर तेच आहे. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारतो, आणि बॉम्बेचा शेवटचा वाय खाली लांब ओढून डावीकडं वळवतो. यावेळी पिनकोड लिहिलेला नाही, म्हणजे कुणीतरी सांगितलंय त्याला. पण तो सात तसाच आहे. असल्या अक्षरातला खोका कुणाला आला असेल तर पैसे देऊ नका आणि मला कळवा, माझ्याकडं दोन्ही फोटो आहेत, ताडून बघायला देतो.