किमो की इम्युनोथेरपी? खानदेशातल्या घराने ठरवताना

तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत करून दिला आहे. निदान जळगाव-धुळ्यात होतं, पुढची वाट नाशिकची किंवा मुंबईची. तिथे हल्ली घरचे विचारतात, 'ते नवं इंजेक्शन', म्हणजे इम्युनोथेरपी, 'घ्यायचं का?'

गाठ काढता येत असेल तर सहसा आधी शस्त्रक्रिया, मग गरजेप्रमाणे रेडिएशन. खालची तुलना गाठ काढता येत नाही, पुन्हा उलटली किंवा पसरली, अशा वेळची आहे.

किमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते, म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात. इम्युनोथेरपीची औषधं गाठीला थेट हात लावत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या आपल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सर तो दाबून ठेवतो, निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब तो सोडवतं. अशा ब्रेकच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. (प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.)

गुण किती येतो? किमोने गाठ लवकर आकसते, पण बहुधा पुन्हा वाढते. इम्युनोथेरपी थोड्याच लोकांना लागू पडते, मात्र त्यातल्या काहींचा आजार दीर्घकाळ आटोक्यात राहतो. ती सावकाश काम करते, त्यामुळे गाठ श्वासनलिकेवर दाबत असेल तर एकट्या इम्युनोथेरपीवर थांबणं जोखमीचं. कुणाला लागू पडेल याचा अंदाज बायॉप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल१ (हा ब्रेक दाबणारं प्रथिन) तपासून येतो. म्हणून बाहेरगावी जाताना त्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या.

त्रासाचा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा, कारण मोठं हॉस्पिटल लांब. किमोनंतर ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे बहुतेकांना सांगितलेलं असतं. इम्युनोथेरपीत केस सहसा जात नाहीत, पण मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती आतडी, फुप्फुसं, यकृत, थायरॉइड यांवरही उलटू शकते, तीही औषध थांबल्यावर काही महिन्यांनी. चोपड्यात किंवा शिरपुरात जुलाब लागले, खोकला-दम सुरू झाला, तर गावच्या डॉक्टरला ते साधंच दुखणं वाटेल. अशा वेळी बऱ्याचदा स्टेरॉइड लागतं आणि उशीर महागात पडतो. कोणतं औषध चालू आहे ते कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवा.

आता पैसा. पूर्ण डोसचा खर्च लाखांत जातो. केळीची बाग गहाण टाकण्याआधी कमी डोसबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०२२च्या अभ्यासात वाढलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये (यात तोंडाचाही येतो) तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिलं. नुसत्या तोंडी औषधांच्या तुलनेत एक वर्ष जगलेल्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. पूर्ण डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. हा आजार बरा करण्याचा दावा नव्हे, पण बेतातल्या घरासाठी माझ्या मते डॉक्टरांपुढे सर्वांत आधी मांडावा असा पर्याय हाच.

कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देणं) वेगळी गोष्ट: भारतात बनलेली नेक्सकार१९ काही रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या नाही.

सही करण्याआधी महात्मा फुले योजनेत नेमकं काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेल्वे सवलतीचा फॉर्मही तिथूनच भरून घ्या, फेऱ्या दोन्ही उपचारांत होतातच.